मनोऱ्याखालचा वारा : एमआयटीच्या ग्रीन बिल्डिंगचं प्रकरण

बॉस्टनच्या समोर, चार्ल्स नदीच्या उत्तर काठावर केंब्रिज शहरात एमआयटीचं आवार आहे. तिथे १९६४ मध्ये एक उंच, पातळ काँक्रीटची इमारत पूर्ण झाली. नाव ग्रीन बिल्डिंग, उंची साधारण ९० मीटर, मजले २१, तळाचा आकार जेमतेम ३७ मीटर बाय १८ मीटर. वास्तुविशारद आय. एम. पेई आणि अराल्डो कोसुट्टा. पेई स्वतः १९४० मध्ये एमआयटीतूनच पदवी घेऊन बाहेर पडलेले. देणगी सेसिल ग्रीन यांची, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या संस्थापकांपैकी एक. इमारतीत पृथ्वी आणि वातावरण यांचा अभ्यास करणारे विभाग, गच्चीवर हवामानाच्या रडारसाठी बसवलेला गोल घुमट.

इमारत खांबांवर उचललेली आणि खाली साधारण दोन मजले उंचीची मोकळी जागा. आवारातून नदीकडे जाणाऱ्याने तिच्या पोटाखालून जावं अशी रचना. चित्रात ती देखणीच दिसते. पण पहिल्याच हिवाळ्यात तिथून असा वारा सुटायला लागला, की काही दिवस दारं उघडेनात आणि लोकांना तळघरातल्या बोगद्यातून ये-जा करावी लागली. वरच्या मजल्यांवरच्या काही खिडक्यांच्या काचाही गेल्या. पुढे मोकळ्या जागेत तात्पुरत्या लाकडी फळ्या उभ्या केल्या गेल्या आणि मग तळमजल्याच्या प्रवेशांना फिरते दरवाजे बसले.

हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्याच इमारतीला वाऱ्याने कोंडावं, हा किस्सा सांगून लोक हसतात. पण थंड प्रदेशात शैक्षणिक आवाराची मांडणी कशी चुकते, हे एकाच जागी बघायचं असेल तर याहून चांगलं प्रकरण सापडणं कठीण. कारण या मनोऱ्यापासून चालत काही मिनिटांवर, त्याच आवारात, १९१६ साली बांधलेलं बरोबर उत्तर उभं आहे.

जागा आणि वारा

बॉस्टन हे अमेरिकेच्या मोठ्या शहरांतलं भरपूर वाऱ्याचं शहर. विमानतळावरची वर्षाची सरासरी ताशी २० किलोमीटरच्या आसपास, हिवाळ्यात त्याहून थोडी जास्त. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली. हिवाळ्यात मुख्य वारा वायव्येकडून येतो, कोरडा आणि बोचरा. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून. मधूनमधून ईशान्येकडून वादळ येतं आणि बर्फ टाकून जातं.

दक्षिणेला नदी. तिथला हार्वर्ड ब्रिज ६६० मीटर लांब आहे (१९५८ मध्ये काही विद्यार्थ्यांनी आपल्याच एका सोबत्याला आडवा पाडून तो मोजला आणि तो ३६४.४ 'स्मूट' (त्या सोबत्याचं आडनाव) भरला, ती खूण अजून पुलावर रंगवलेली असते). म्हणजे दक्षिणेच्या वाऱ्याला अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त अंतरात अडवणारं काहीच नाही. पाण्यावरून आलेला वारा जमिनीलगतही वेगात असतो.

आता इमारतीची दिशा. एमआयटीचं जुनं आवार नदीला समांतर आखलेलं आहे, सरळ उत्तर-दक्षिण नाही. त्याचा मुख्य अक्ष, म्हणजे २५१ मीटर लांबीचा प्रसिद्ध 'इन्फिनिट कॉरिडॉर', उत्तरेपासून मोजला तर सुमारे २४५ अंशांवर आहे. म्हणूनच नोव्हेंबरच्या मध्याला आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचं ऊन त्या कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जातं. ग्रीन बिल्डिंगची रुंद बाजू याच अक्षाला समांतर. साहजिकच पोटाखालचा बोळ त्याला काटकोनात, म्हणजे सुमारे ३३५ अंशांकडे तोंड करून. वायव्य म्हणजे ३१५. फरक अवघा २० अंशांचा. हिवाळ्याच्या वाऱ्याच्या वाटेवर ३७ मीटर रुंद, ९० मीटर उंच भिंत आणि तिच्या तळाशी एक भोक.

झोत कसा तयार होतो

वारा जमिनीलगत हळू, वर जोरात. विमानतळावर दहा मीटर उंचीच्या खांबावर सेकंदाला ८ मीटर (ताशी २९ किलोमीटर) मोजला असेल, तर मोकळ्या जागी ९० मीटरवर तो ११ मीटरच्या आसपास जातो. तो रुंद भिंतीवर आपटतो. उंचीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पातळीवर, इथे ६० ते ६८ मीटरवर, प्रवाह दुभंगतो. वरचा भाग गच्चीवरून जातो, काही कडेने, आणि उरलेला भिंतीवरून खाली कोसळतो. वरच्या मजल्यांचा वारा असा पायाशी येतो. याला डाउनवॉश म्हणतात.

नुसतं एवढंच असतं तर भिंतीसमोर भोवरा फिरला असता. पण मागच्या बाजूला दाब कमी असतो. पुढे दाब, मागे चोखण, आणि दोन्हींना जोडणारा मोकळा बोळ. हवा तिथून पिचकारीसारखी सुटते. यावरच्या अभ्यासांतून आलेला ढोबळ हिशोब असा : इमारतीच्या उंचीवरचा वेग १ धरला, तर समोरच्या भोवऱ्यात ०.५, कोपऱ्यावर ०.९५ आणि आरपार बोळात १.२. म्हणजे ११ च्या वाऱ्याला बोळात १३ ते १३.५ मीटर, ताशी ४८ किलोमीटर. इमारत नसती तर त्याच जागी माणसाच्या उंचीवर ४–५ मीटर असता. जवळजवळ तिप्पट.

मुंबई-पुण्यात शिकलेल्या वास्तुविशारदाला इथे थोडं उलटं शिकावं लागतं. आपल्याकडे इमारत खांबांवर उचलणं म्हणजे खालून हवा खेळती ठेवणं, उकाड्यात सुख. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मे महिन्यात खुर्ची टाकून बसणाऱ्या वॉचमनला विचारा. भौतिकशास्त्र तेच आहे, फक्त तापमान वजा पाच असलं की त्या झुळुकीचं काय होतं ते बघावं लागतं.

अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या विंड चिलच्या सूत्राने बघू. वजा ५ अंश, वारा ताशी १० किलोमीटर : जाणवणारं तापमान वजा ९. बोळासाठी मात्र एक गफलत टाळायला हवी. सूत्र दहा मीटर उंचीवरचा वेग मागतं आणि चेहऱ्याच्या पातळीवर त्याचा दोन तृतीयांश धरतं. बोळातला ४८ हा चेहऱ्यालाच लागणारा वेग आहे, म्हणून सूत्रात ७२ घालावा लागतो. उत्तर येतं वजा १६ ते १७. चौकातून बोळात शिरताना वीसेक पावलांत सात अंशांचा फरक. उघड्या उन्हात बसलात तर विंड चिल ५ ते १० अंशांनी सुसह्य होतो असं अमेरिकेचं हवामान खातं धरतं. बोळात तेही नाही, डोक्यावर इमारत आहे.

दार का उघडत नाही

ही गोष्ट हातात हिशोब घेऊन बघण्यासारखी आहे. थंड हवा जड असते, शून्य अंशाला घनमीटरला १.२९ किलो. १३.३ मीटरचा झोत दारावर सरळ आला तर दाब सुमारे ११५ पास्कल. ९० सेंटीमीटर रुंद, २.१ मीटर उंच दाराचं क्षेत्रफळ १.८९ चौरस मीटर. एकूण जोर २१५ न्यूटन, म्हणजे बावीसेक किलो. दार बिजागरीवर फिरतं, मूठ दुसऱ्या कडेला, त्यामुळे मुठीवर निम्मा, ११ किलो. यात डोअर क्लोजरची, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राची, स्प्रिंग धरलेली नाही.

त्यात हिवाळ्यात उंच इमारत स्वतःच धुराड्यासारखी वागते. आत २१ अंश, बाहेर वजा १०. आतली गरम हवा वर चढते, वरून निसटते, खालून थंड हवा आत खेचली जाते. ९० मीटर उंचीला, मधले मजले आणि जिने हवाबंद नसतील तर, तळाशी साधारण ६० पास्कलची ओढ तयार होते. आगीच्या नियमांमुळे दार बाहेर उघडणारं, आणि बाहेरचा दाब ते दाबून धरणारा. दोन्ही मिळून मुठीवर १७ किलो. झोत सेकंदाला २५ मीटरचा आला तर वाऱ्याचाच वाटा ४०० पास्कल, मुठीवर जवळजवळ ४० किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे रोज 'जरा जड' वाटणारं दार एखाद्या दिवशी एकदम भिंत होतं. तुलनेसाठी : अमेरिकेच्या अपंग-सुलभतेच्या नियमात आतल्या बिजागरीच्या दाराला साधारण २.३ किलोची मर्यादा आहे. बाहेरच्या दारांना ती लागू नाही, आणि त्याचं कारण हाच हिशोब.

झोत दाराला समांतर वाहत असेल तर खेळ उलटा. दारावर चोखण येते, ते किंचित उघडलं की कडेतून वारा शिरतो आणि पान हातातून सुटून मागे आपटतं. बिजागरीचे स्क्रू आणि क्लोजरचा हात पहिल्या हिवाळ्यातच ढिले होतात ते यामुळे. दुरुस्ती करणारा क्लोजर आणखी घट्ट करतो, आणि मग शांत दिवशीही दार जड होऊन बसतं.

फिरता दरवाजा इथे का चालतो? चार पानांचा दरवाजा असेल तर मधल्या खांबाच्या एका बाजूच्या पानावर वारा जेवढा ढकलतो, तेवढाच दुसऱ्या बाजूच्या पानावर उलट्या दिशेने ढकलतो. दोन्ही जोर कटतात. शिवाय आत-बाहेर थेट वाट कधीच उघडी राहत नाही, त्यामुळे धुराड्याची ओढही तुटते. उणीव : व्हीलचेअर, हातगाडी, मोठं सामान यांना बाजूला बिजागरीचं दार ठेवावंच लागतं, आणि घाईत असलेले लोक नेमके त्याच दाराने जातात. त्या बाजूच्या दाराला दुहेरी दारांची छोटी खोली हवी, दोन दारांत किमान २.१ मीटर अंतर, म्हणजे पहिलं बंद झाल्यावरच दुसऱ्यापर्यंत माणूस पोचतो.

पण हे सगळं दाराचं झालं. फिरत्या दरवाजाने बोळातला वारा एका मीटरनेही कमी होत नाही. इमारतीत शिरणाऱ्याचा प्रश्न सुटतो, चौकातून चालणाऱ्याचा तसाच राहतो.

लाकडी फळ्यांचा उपाय निदान योग्य जागी होता : भोक बुजवणं. मात्र अशी फळी म्हणजे सामानाच्या खोलीतलं पार्टिशन नव्हे. १० मीटर बाय ६ मीटरचा पडदा ४०० पास्कलला धरला, तर त्यावर २४ किलोन्यूटन, जवळपास अडीच टनांचा आडवा जोर येतो. त्याला पायाशी आणि छताशी धरणारी पोलादी चौकट लागते. नंतर सुचलेली गोष्ट म्हणून हे महाग पडतं, मूळ आराखड्यात असती तर ती साधी काचेची लॉबी झाली असती.

बारा मीटरचं शीड

ग्रीन बिल्डिंगसमोरच्या मॅकडरमॉट कोर्टात अलेक्झांडर काल्डर यांचं 'ला ग्रांद व्वाल', म्हणजे मोठं शीड, हे काळं पोलादी शिल्प आहे. उंची साधारण १२ मीटर, वजन ३३ टन, १९६६ मध्ये उभं राहिलं. वारा अडवण्यासाठीच ते बसवलं, ही कथा आवारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी नाही.

आणि खरी असती तरी उपयोग झाला नसता. बोळातला झोत ९० मीटर भिंतीच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर चालतो. वाटेत बारा मीटरची वस्तू ठेवल्याने तो फरक हलत नाही, शिल्पाच्या अगदी पाठीशी थोडा आडोसा मिळतो इतकंच. हीच चूक आजही झाडांच्या बाबतीत होते. मनोऱ्याच्या कोपऱ्यावर वारा लागतो अशी तक्रार आली की चार कुंड्या आणि दोन झाडं सुचवली जातात. कोपऱ्यावरच्या वाऱ्यात ती झाडं जगतही नाहीत.

१९१६ चा चौक

एमआयटी बॉस्टनहून नदीपलीकडे आली ती १९१६ मध्ये. विल्यम वेल्स बॉसवर्थ यांनी भराव टाकलेल्या जमिनीवर इमारतींची एकसंध साखळी आखली. मध्ये मोठा चौक, आता त्याला किलियन कोर्ट म्हणतात. तीन बाजूंनी इमारती, चौथी बाजू नदीकडे उघडी. ही उघडी बाजू सुमारे १५५ अंशांकडे, आग्नेय-दक्षिणेकडे. पाठ वायव्येला. सकाळी दहापासून दुपारपर्यंत ऊन थेट आत, आणि हिवाळ्याचा वारा मोठ्या घुमटाच्या पाठीवर. बॉसवर्थ यांच्या मनात नदीवरून दिसणारं रूप जास्त असावं, पण हिवाळ्यात हुडहुडी भरलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

या चौकात एक बारकावा आहे आणि तो बहुतेक आराखड्यांत निसटतो. चौकाची रुंदी ठरवताना ऊन आणि वारा एकमेकांविरुद्ध बोलतात. केंब्रिजचा अक्षांश ४२.३६, म्हणून २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त २४ अंश वर. वीस मीटर उंच इमारतीची सावली ४४ मीटर. २१ फेब्रुवारीला २६–२७ मीटर, २१ मार्चला १८. म्हणजे डिसेंबरातही चौकात ऊन हवं असेल तर रुंदी ४४ मीटरपेक्षा जास्त हवी. उलट वारा चौकावरून तरंगत निघून जावा, आत उतरू नये, यासाठी रुंदी उंचीच्या दीडपटीच्या आत, म्हणजे ३० मीटरपर्यंत हवी. दोन्ही एकदम जमत नाही.

वाट एकच : दक्षिणेकडची बाजू बुटकी ठेवा किंवा ठेवूच नका, आणि उत्तर-वायव्येची बाजू उंच आणि अखंड ठेवा. किलियन कोर्टात दक्षिणेची बाजूच नाही, त्यामुळे रुंदी भरपूर असूनही पाठीच्या इमारतींलगत उबदार पट्टा मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये नदीवरून येणारा नैर्ऋत्येचा वारा मात्र आत येतो, ही त्याची किंमत. दक्षिणेला एक-दोन मजल्यांची बैठी रांग ठेवली तर तोही कमी होतो, पण मग नदी दिसत नाही. इथे बॉसवर्थ यांच्याशी भांडायची इच्छा होत नाही.

दुसरी गोष्ट इन्फिनिट कॉरिडॉर. २५१ मीटर चालायला नेहमीच्या वेगाने तीन मिनिटं लागतात, तीही कोट न घालता. याचा उलट परिणामही होतो, आणि थंड शहरांतल्या भुयारी वाटांवर ती टीका नेहमी होते : सगळे आतून चालायला लागले की बाहेरचे चौक ओस पडतात. एमआयटीत तसं पूर्ण झालं नाही, कारण कॉरिडॉर चौकाच्या पाठीला चिकटून आहे आणि चौकात उतरायला दारं आहेत. वाट चौकापासून दूर, जमिनीखालून नेली असती तर चौक फक्त पदवीदान समारंभापुरता उरला असता.

मनोऱ्याची सावली

ग्रीन बिल्डिंगला वाऱ्याबद्दल जेवढा दोष द्यावा तेवढा सावलीबद्दल देऊ नये. २१ डिसेंबरच्या दुपारी तिची सावली २०० मीटर लांब पडते. पुण्यात तेवढ्याच उंचीची ८१ मीटर पडली असती. आकडा भीतिदायक आहे. पण दुपारच्या सुमाराला सूर्याची दिशा तासाला १५ अंश सरकते, म्हणजे २०० मीटरवरचं सावलीचं टोक तासाला पन्नासेक मीटर पळतं. मनोऱ्याची त्या दिशेने रुंदी चाळीस मीटरच्या आसपास. टोकाकडच्या कुठल्याही बाकावर सावली पाऊण तासात निघून जाते. चार मजल्यांची, शंभर मीटर लांबीची इमारत उत्तरेकडच्या तीस-चाळीस मीटरच्या पट्ट्यात जी सावली टाकते ती डिसेंबरात दिवसभर हलतच नाही. तिथे वितळलेलं बर्फ संध्याकाळी पुन्हा गोठतं आणि सकाळी पहिल्या तासाला जाणारा विद्यार्थी घसरून पडतो. त्यामुळे मुख्य पायवाटा लांब इमारतींच्या उत्तरेच्या भिंतीलगत नेऊ नयेत. न्यायच्या असतील तर फरसबंदीला किमान दोन टक्के उतार भिंतीपासून दूर द्यावा आणि छपराचं पाणी वाटेवर येणार नाही असं बघावं.

आज हेच काम असतं तर

त्या काळात पादचाऱ्यांच्या पातळीवरचा वारा तपासण्याची रूढ पद्धतच नव्हती. एमआयटीच्या आवारात राइट ब्रदर्स विंड टनेल (वारा सोडून प्रतिकृती तपासण्याचा बोगदा) १९३८ पासून होती, पण ती विमानांसाठी बांधलेली. पादचाऱ्यांना किती वारा चालेल हे सांगणारे लॉसन यांचे निकष १९७० च्या दशकात आले. आज क्रम साधारण असा असतो.

आधी विमानतळाची निदान तीस वर्षांची तासातासाची नोंद. ती दिशेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे वेगळी करायची. इथे शैक्षणिक आवाराचा स्वतःचा मुद्दा येतो. वर्ग सप्टेंबर ते मे भरतात. बॉस्टनचे सुखद महिने जून ते ऑगस्ट, तेव्हा आवार अर्धं रिकामं. वर्षाची सरासरी घेतली की हे रिकामे, शांत महिने आकडा गोड करून दाखवतात. म्हणून हिशोब सप्टेंबर ते मे, सकाळी सात ते रात्री अकरा, एवढ्याच तासांचा करावा.

मग प्रतिकृती, १:३०० किंवा १:४००. भोवतालच्या तीन-चारशे मीटर परिघातल्या इमारतींसह, फिरत्या चकतीवर, ३६ दिशांनी. जमिनीलगत ५० ते १०० बिंदूंवर मोजणी : दारं, कोपरे, बस थांबा, बाकं, सायकलचे स्टँड. पानझडी झाडं प्रतिकृतीत पानांशिवाय ठेवायची. हिरव्यागार झाडांनी पास झालेला अहवाल जानेवारीत नापास होतो. संगणकावरचं सिम्युलेशन सुरुवातीला पाच-सहा मांडण्यांची तुलना करायला उत्तम. इमारतीच्या पाठीमागच्या, चोखणीच्या भागात साध्या मॉडेलचे आकडे भरवशाचे नसतात, आणि बाकं नेमकी तिथेच ठेवलेली असतात. शेवटचा निर्णय टनेलवर घ्यावा.

लॉसन यांचे निकष ढोबळमानाने असे : बसायच्या जागी सेकंदाला ४ मीटर, उभं राहण्याच्या जागी ६, रमतगमत चालायला ८, भराभर चालायला १०. हे वेग ५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ ओलांडले जाऊ नयेत. सुरक्षेसाठी १५ मीटर, वर्षातून जेमतेम दोन तास. नदीपलीकडे बॉस्टन शहराचा स्वतःचा दंडक आहे : अचानक येणाऱ्या झटक्यांसह धरलेला वेग ताशी ३१ मैल, म्हणजे ५० किलोमीटर, एक टक्क्यापेक्षा जास्त वेळ ओलांडू नये. आपण वर काढलेला बोळातला ४८ हा अशा झटक्यांशिवायचा आकडा होता, आणि तो विमानतळावर ताशी २९ असतानाचा. बॉस्टनच्या हिवाळ्यात असे तास दुर्मिळ नाहीत.

उपायांचा क्रम मोठ्याकडून छोट्याकडे. पहिला प्रश्न मनोऱ्याच्या दिशेचा : अरुंद बाजू वायव्येकडे वळवली असती तर ३७ मीटरऐवजी १८ मीटरची भिंत वाऱ्यासमोर आली असती. दुसरा, बोळ बंद. तिसरा, पायथ्याशी बुटका पोडियम (मनोऱ्याहून रुंद, बैठा भाग), मनोरा त्याच्या कडेपासून निदान पाच-सहा मीटर आत. कोसळणारा वारा पोडियमच्या छतावर उतरतो, लोकांवर नाही. त्या छतावर कॅफेची गच्ची काढण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. ग्रीन बिल्डिंगच्या पायथ्याला अलीकडे मोघादम यांच्या नावाची बुटकी जोडइमारत झाली आहे, तिथे वर्ग आणि बसायच्या जागा आहेत. साठ वर्षांनी का होईना, मनोऱ्याला पाय फुटले.

चौथा, छज्जे. दारावर छज्जा डाउनवॉश अडवतो, पण खाली आरपार बोळ असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण झोत आडवा येतो. पाचवा, दारांची जागा : कोपऱ्यावर कधीच नाही, भिंतीच्या मध्याकडे आणि दोन-तीन मीटर आत घेतलेली. दोन इमारतींमधल्या फटी वायव्य-आग्नेय रेषेत सरळ ठेवू नयेत, एक इमारत थोडी सरकवून ती वाट मोडावी. झाडं आणि पडदे सगळ्यात शेवटी.

पडद्यांबद्दल थोडं जास्त, कारण इथे खर्च कमी आणि चुका जास्त. भरीव भिंतीमागे भोवरा तयार होतो, ३० ते ५० टक्के छिद्रं असलेला पडदा चांगला. दोन मीटर उंच पडद्यामागे पंधरा-वीस मीटरपर्यंत फरक जाणवतो. हिरवी राहणारी झाडं, पाइन आणि स्प्रूस, वायव्येला दोन-तीन रांगांत. त्यांच्या खालच्या फांद्या छाटू नयेत, छाटल्या की बुंध्यांमधून ग्रीन बिल्डिंगचीच छोटी आवृत्ती सुरू होते. दक्षिणेला पानझडी झाडं, उन्हासाठी.

आणि बर्फ. वारा जिथे मंदावतो तिथेच तो वाहून आणलेलं बर्फ खाली टाकतो. पडद्यामागे उंचीच्या साधारण पाच ते दहा पट अंतरात ढीग सगळ्यात मोठा होतो. दोन मीटर पडद्याच्या मागे दहा ते वीस मीटरवर, म्हणजे नेमकं जिथे पायवाट नेण्याचा मोह होतो तिथे. पायवाट एकतर पडद्याला चिकटून न्यावी, नाहीतर बरीच पलीकडे, आणि मधला पट्टा बर्फ साचायला सोडून द्यावा. फावड्याने काढलेलं बर्फ टाकायलाही जागा लागते. मोकळ्या नकाशावर ती कोणी दाखवत नाही, मग जानेवारीत बाकांवर आणि सायकल स्टँडवर ढिगारे दिसतात.

बाक स्वतः लाकडाचा हवा, धातूचा किंवा दगडाचा नको. दक्षिणेकडे तोंड, पाठीशी गडद विटांची भिंत, पण उतरत्या छपरावरून घसरणारं बर्फ जिथे आदळतं ती रेष सोडून.

बांधून झाल्यावर एका हिवाळ्याची मोजणी करून घ्यावी. एक अनेमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) गच्चीवर, तीन-चार खाली दीड मीटर उंचीवर, वायव्येचे वाऱ्याचे दिवस निवडून. खालच्या वेगाला वरच्या वेगाने भागलं की प्रत्येक जागेचं प्रमाण मिळतं आणि ते टनेलच्या आकड्याशी ताडता येतं. बाकाच्या जागी ०.३ च्या आत असेल तर ठीक, दारापाशी ०.६ च्या वर गेलं तर तक्रारी येणारच. ग्रीन बिल्डिंगच्या बाबतीत वरचं मोजायची सोय गच्चीवरच आहे, खाली खांबाला दीड मीटरवर एक यंत्र बांधलं की काम भागतं.